उदाराम कापगत्यांची चाल

उदाराम कापगते यांनी पस्तीस वर्षांत रंगमंचावर किती माणसं मारली याची मोजदाद त्यांनी स्वतःही ठेवली नव्हती. दिवाळी सरली, धान कापून घरात आलं, की वडशाच्या नाटक मंडळांच्या गाड्या झाडीपट्टीच्या धानमुलखात गावोगाव निघत. कुठे मंडईची जत्रा असे, कुठे शंकरपटाची बैलशर्यत. तिथे उदाराम कुणाचा गळा दाबत, कुणाला विहिरीत ढकलत, कुणाच्या सरबतात विष कालवत. पुढे बसलेल्या बाया त्यांच्या नावाने बोटं मोडत. आणि नाटक संपलं की त्याच बाया तोंडाचा रंग पुसत बसलेल्या उदारामांना घरी नेऊन जेवायला वाढत. "किती वाईट आहेस रे बापा तू," असं म्हणत भातावर तुपाची धार धरत. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे आणि उदारामांनाही वाटत नसे.

उदाराम ओरडणारे खलनायक नव्हते. ते हळू बोलत, मायेने बोलत, आणि त्यामुळेच अंगावर काटा येई. शिवाय त्यांची ती चाल. तरुणपणी कुरखेड्याकडे एका प्रयोगात रंगमंचाची फळी तुटली आणि डावा घोटा कायमचा आखडला. तेव्हापासून त्यांचं एक पाऊल ठाम पडे आणि दुसरं जमिनीवरून सरकत येई. टक्, सर्र. टक्, सर्र. नाटकातले दिवे मालवलेले असोत की घरातली वीज गेलेली असो, उदाराम आले हे सगळ्यांना आधी कानांनी कळे.

याच चालीसाठी इरा खानोलकर नागपूरहून वडशाला आली.

इरा गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीची मालकीण होती आणि तिथली मुख्य कारागीरही तीच. प्रयोग संपल्यावर ती मागच्या बाजूला येऊन उदारामांसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काका, मला तुमचा आवाज हवाय. आणि त्याहून जास्त, तुमची चाल."

"लंगड्याची चाल घेऊन काय करणार ताई?" उदाराम हसले.

"डोळे मिटून ऐकलं तरी कोण आलं ते कळतं. माझा अख्खा खेळ त्यावर उभा राहील."

तिने सांगितलं तो खेळ असा होता. झाडीतली एक जुनी, बंद पडलेली धानाची गिरणी. बाहुलीचं घर मधोमध कापावं तशी ती पडद्यावर आडवी उघडी दिसते, मजल्यावर मजले, खोलीपुढे खोली. हवेत सगळीकडे कोंडा तरंगतोय, त्यामुळे उजेडही पिवळट आणि आवाजही दबलेले. सुगी नावाची मुलगी या गिरणीत शिरते, कारण तिच्या मोठ्या भावाचा इथे खून झाला आहे आणि कुणी केला ते तिला शोधायचं आहे. खेळणाऱ्याने सुगीला तुळईवरून पोत्यांच्या थप्पीवर, थप्पीवरून फिरत्या पट्ट्यावर उड्या मारायला लावायच्या. जुन्या तराजूच्या एका पारड्यात पोती टाकून दुसरं पारडं वर उचलायचं आणि त्यावरून वरचा माळा गाठायचा. अशी कोडी सुटत जातात तसे पुरावे हाती लागतात. या सगळ्यात सुगीला एकाच माणसाची सोबत असते. गिरणीचे म्हातारे दिवाणजी हातात कंदील घेऊन पुढे चालतात, शिडी धरून उभे राहतात, "सांभाळून पोरी" म्हणतात. अंधाऱ्या खोलीत कुठे उडी मारायची हे खेळणाऱ्याला त्यांच्या पावलांच्या आवाजावरूनच कळतं.

"आणि शेवटच्या खोलीत," इरा म्हणाली, "भावाच्या मृत्यूच्या वेळचं एक ध्वनिमुद्रण सुगीला सापडतं. त्यात काहीच बोलणं नाही. फक्त कुणीतरी चालत येतं. टक्, सर्र."

उदारामांनी मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, "वा! ज्या आवाजाच्या भरवशावर इथवर आली, तोच आवाज. लिहिणाऱ्याला नमस्कार सांगा."

"मीच लिहिलंय."

"मग तुम्हालाच नमस्कार."

आठवडाभर ते नागपूरला जाऊन आले. अंगावर काळा घट्ट पोशाख आणि त्यावर चाल टिपण्यासाठी जागोजागी चकाकणाऱ्या टिकल्या, अशा अवतारातला त्यांचा फोटो पाहून पंचफुलाबाईंनी विचारलं होतं, "हे काय? गोचिडं लागले काय तुमच्या अंगाले?"

खेळ पुढच्या वर्षी आला. नाव होतं 'गिरणी बंद आहे'. तो गाजला त्याचं एक कारण उदाराम, आणि दुसरं कारण एक पट्टी.

कपाळावर बांधायची ही पट्टी मुळात विसराळू म्हाताऱ्यांसाठी बनली होती. आपण एखाद्या जागेत फिरतो तेव्हा मेंदू त्या जागेचा नकाशा आखत असतो, आणि ते काम चालू असताना मेंदूतल्या लहरी एका ठरावीक तालात हलतात. पट्टी तो ताल ऐकते आणि त्याच तालात विजेचे अगदी हलके, न जाणवणारे स्पंद देते. आखणाऱ्या हाताला दुसऱ्याने हात लावावा तशी मग रेघ खोल उमटते. इराला ती कोड्यांसाठी हवी होती. गिरणी एवढी मोठी होती की कुठला खटका कुठे हे लक्षात ठेवणं कठीण. पट्टी बांधून खेळलं की महिन्याने परत आलं तरी स्वतःच्या घरात वावरावं तसं तिथे वावरता येई. लोक या अनुभवावर खूश होते. 'मी तिथे जाऊन आलो' असं ते म्हणत, आणि त्यांना तसंच वाटे.

सुरुवातीला उदारामांना मजा आली. वडशाच्या बाजारात पोरं थांबवून फोटो काढू लागली. मग हळूहळू काहीतरी बदललं. औषधाच्या दुकानातला तरुण त्यांच्या गोळ्या काउंटरवर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. एकदा बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी उठून दाराशी जाऊन उभी राहिली. थांबा यायला अवकाश होता. उदारामांनी ही आपल्या कामाची पावती मानली. खलनायकाला शिव्याशापच मिळायचे.

भाऊबीजेनंतर हंगामातला पहिला प्रयोग झाला तेव्हा मात्र त्यांना ते तसं मानता येईना. ते विंगेतून रंगमंचावर आले, चार पावलं चालले, आणि मांडवातल्या तरुण प्रेक्षकांमधून पाच-पन्नास जण उठले. कुणी हुर्यो केली नाही. शिवी दिली नाही. ते नुसते उठले आणि खाली मान घालून बाहेर गेले. एकजण मांडवाच्या कनातीला धरून ओकत होता.

मंडळाचे मालक दुसऱ्या दिवशी घरी आले. "कापगतेजी, राग नका मानू," ते म्हणाले, "पण थोडे दिवस आराम करा."

उदारामांनी राग मानला नाही. पण पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ते हंगामात घरी बसले.

त्याच आठवड्यात मोनाली आली. उदारामांची ही एकुलती मुलगी पुण्याला असे. तिला पाच महिन्यांची मुलगी होती, रेवा. जावयाला सुटी नव्हती म्हणून ती एकटीच बाळाला घेऊन दोन महिन्यांसाठी माहेरी आली होती. उदारामांनी नातीला फोनवर पाहिलं होतं, हातात अजून घेतलं नव्हतं.

पंचफुलाबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि बाळाला घेऊन उदारामांच्या हातात दिलं. ते तिला छातीशी धरून ओसरीवरून आत निघाले. टक्, सर्र. टक्, सर्र.

मोनाली चपला काढत होती. ती कशी उठली आणि कशी आली ते तिलाही कळलं नाही. तिने बाळाला वडिलांच्या हातातून हिसकावून घेतलं. बाळ किंचाळलं. मोनाली भिंतीला पाठ लावून उभी होती, तिच्या ओठांवर घाम आला होता.

"काय झालं वो मोना?" पंचफुलाबाई धावल्या.

मोनाली वडिलांकडे बघत होती आणि बघता बघता रडू लागली. "बाबा, मला माहितेय," ती म्हणाली. "सगळं माहितेय. माझं डोकं ठीक आहे. हातांना कळत नाहीये."

बाळंतपणाच्या रजेत तिने 'गिरणी बंद आहे' पट्टी बांधून तीनदा खेळली होती. बाबांचा गेम म्हणून. मैत्रिणींना बोलावून दाखवत होती. शेवटच्या खोलीत, त्या पावलांमागून दिवाणजी भावाला हौदात ढकलताना दिसतात तिथे, प्रत्येक वेळी रडली होती आणि ते तिला आवडलं होतं.

उदाराम दुसऱ्या दिवशी सकाळच्या विजेच्या बसने नागपूरला गेले.

इरा आता वर्षभरापूर्वीसारखी दिसत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने उदारामांना बसवलं, पाणी दिलं, घरी काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मला असे फोन येतात. पण तुमच्या घरातच असं होईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मोनाले वाटते काय, का मी खून केला?" घरच्या बोलीतच ते विचारून गेले.

"नाही. तिला विचारलं तर ती म्हणेल, गेम होता." इरा सावकाश सांगू लागली. "आपल्याला एखादी गोष्ट आठवते, आणि ती आपल्याला कुठून मिळाली हेही आठवतं. पाहिली, ऐकली, की स्वप्नात आली. या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या ठेवतो. दुसरी मुळातच कच्ची असते. लहानपणीचा एखादा प्रसंग आपण पाहिला की आईच्या तोंडून ऐकला, हे कितीतरी जणांना सांगता येत नाही ना? पट्टीने आठवण घट्ट केली. ती कुठली, ही खूण मात्र कच्चीच राहिली आणि गळून पडली. विचार केला तर माणसाला कळतं. पण भीती विचार करून वाटत नाही. पावलं ऐकू आली की शरीर आधी पळतं आणि विचार मागून येतो."

"मग उपाय?"

"आहे. सगळ्यांसाठी आहे, आणि या महिन्यात मी तो देणार आहे. कुठलीही आठवण आपण जागी केली की काही तास ती मऊ होते, ओल्या मातीसारखी. नंतर परत वाळून घट्ट होते. त्या मऊ वेळात तिला वेगळा आकार देता येतो. मी शेवटची खोली पुन्हा बनवली आहे. तीच खोली, तोच प्रसंग, पण चाल दुसऱ्याची. कुणाचीच नसलेली, यंत्राने बनवलेली. पट्टी बांधून एकदा खेळलं की तुमची चाल जाऊन ती बसते."

"तर मग द्या ना. माझी परवानगी कशाला पाहिजे?"

"तुमच्या परवानगीचा प्रश्न नाही, काका." इराने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "पट्टीला माणूस कळत नाही. तुमच्या चालीशी जे जे जोडलेलं असेल ते सगळं ती मऊ करते. एखाद्या अनोळखी मुलाच्या डोक्यात तुमची चाल फक्त त्या गिरणीत आहे. त्याचं काही बिघडणार नाही. मोनालीच्या डोक्यात ती जन्मापासून आहे."

उदाराम खिडकीबाहेर बघत राहिले. "रोवणीसाठी धानाचे पऱ्हे उपटल्यासारखं," ते म्हणाले. "एक धरून ओढला तर शेजारचे चार मुळासकट येतात."

"हो. परत रोवले जातात. पण कुठला कुठे आणि किती जगेल, ते मी सांगू शकत नाही. काही आठवणी फिक्या होतील. काहींमध्ये तुमच्या जागी नुसतं कुणीतरी असेल."

"तिला हे माहीत आहे?"

"नाही. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगतो," उदाराम म्हणाले. परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं, सांगायचं नाही. सांगितलं तर मोनाली लगेच पट्टी बांधेल, बापाला नात हातात घेता यावी म्हणून. तेवढं ते तिला ओळखत होते.

मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड नाटक सुरू केलं.

पहिल्यांदा मिशी काढली. मग वडशाच्या बाजारातून मऊ तळव्यांचे कापडी बूट आणले आणि घरातही घालू लागले. डावा पाय सरकू नये म्हणून तो गुडघ्यातून वर उचलून ठेवायचा, उजवा हलकेच टेकायचा. घोटा ठणकायचा. गोठ्यामागे जाऊन त्यांनी याची तालीम केली, जशी ते नव्या भूमिकेची करत. बोलणं जवळजवळ बंद केलं. बोलावंच लागलं तर वरच्या, पातळ आवाजात बोलत. खोकला आला तर अंगणात जात. बाळाच्या खोलीकडे फिरकत नसत.

"काय करून रायले तुमी?" पंचफुलाबाई वैतागल्या. "घरात कोनी परका मानूस फिरते असं वाटते मले. बोला ना नीट!"

"सर्दी झाली," ते पातळ आवाजात म्हणाले.

 मोनाली बघत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी उदाराम अंगणातून पाण्याची बादली घेऊन आले. पाय उचलून उचलून ओसरीची पायरी चढताना तोल गेला आणि बादलीसकट पडले. मोनाली धावली. त्यांना उठवून बसवलं, बूट काढला. घोटा सुजून टम्म झाला होता.

"हे माझ्यासाठी?" तिने विचारलं.

उदाराम बुटाकडे हात नेऊ लागले.

"बाबा, मी भिते ते एका माणसाला. हा दुसराच कुणीतरी घरात आणून ठेवलात तुम्ही. मग माझे बाबा कुठे आहेत?" ती बोलता बोलता चिडली. "आणि इराताईंनी काय सांगितलं? तुम्ही नागपूरहून आल्यापासून एक शब्द बोलला नाहीत."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सांगितलं. इराचं सगळं बोलणं, ओल्या मातीसकट. पऱ्ह्यांचंही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज आपोआप मूळच्या जागी आला. तो ऐकताना मोनालीच्या मानेवरचे केस उभे राहिलेले त्यांना दिसले. ती मात्र उठून गेली नाही.

"आणि हे तुम्ही मला सांगणार नव्हता."

"तू लगेच बांधली असती पट्टी."

"बांधली असती," मोनाली म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काय गेलं असतं हो बाबा? मंडईतून तुम्ही पहाटे यायचे, मी जागी असायची, आणि अंगणात पाय वाजले की आईला म्हणायची, आले. ते गेलं असतं?"

"कोणाले माहीत."

"नको मग."

पंचफुलाबाई हळद-तेल गरम करून आल्या आणि घोट्याला लावत बसल्या.  रेवा झोपाळ्यात हात हलवत होती.

संध्याकाळी मोनालीने स्वतः इराला फोन लावला. उदाराम आतल्या खोलीतून ऐकत होते. "नाही, नवीन खोली नकोय मला," ती म्हणत होती. "मला एवढंच सांगा, आठवण मऊ होते ती काय फक्त पट्टीमुळेच परत घट्ट होते? ... म्हणजे त्या वेळात माझ्यासमोर जे काही घडेल, तेही त्यात जाईल? ... खरं घडलेलं? ... खात्री नसू दे. पण जाऊ शकतं ना?"

फोन ठेवून ती वडिलांकडे आली. "उद्या दुपारी मी शेवटची खोली खेळणार. जुनीच. पट्टीशिवाय. ती संपली की तुम्ही आत यायचं."

"मी नाई येत," उदाराम म्हणाले.

"बाबा..."

"तू त्या दिवशी भिंतीले चिकटून उभी होती, ते पाहिलं मी. लोकांनी मांडवातून उठून जावं, चालते मले. पुन्हा तुझं ते तोंड नाई पाहू शकत." त्यांनी हात जोडले. मुलीपुढे आयुष्यात कधी जोडले नव्हते.

मोनाली त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली. त्याहून जवळ तिला बसवत नव्हतं. "मीही नाही पाहू शकत तुमचं," ती म्हणाली. "पण मी दोन महिन्यांनी जाईन. असंच गेले तर पुन्हा येताना मला शंभरदा विचार करावा लागेल. आणि एक दिवस मी विचार करणंच सोडून देईन. तसं होऊ द्यायचं?"

उदाराम उठून अंगणात गेले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ते ओसरीवर बसून राहिले, अनवाणी.

आतून खेळाचे आवाज येत होते. पट्ट्यांची घरघर, कोंड्यातून जाणारा वारा, मग स्वतःचाच मायाळू आवाज, "सांभाळून पोरी." मग शांतता. मग ती पावलं. उदारामांना स्वतःच्या चालीची पहिल्यांदाच भीती वाटली.

खेळ संपला. पंचफुलाबाईंनी आतून खूण केली. उदाराम उठले आणि आत गेले. टक्, सर्र. टक्, सर्र.

मोनाली कोपऱ्यात बसली होती, गुडघे छातीशी धरून. तिने वर पाहिलं आणि पाठ भिंतीला टेकवली. उदाराम दारातच खाली बसले. पंचफुलाबाईंनी उकडलेल्या शिंगाड्यांची परात मध्ये आणून ठेवली. गावच्या तळ्यातले ताजे शिंगाडे होते. काय करावं हे न सुचून उदाराम ते सोलू लागले.  सोलता सोलता त्यांनी बोलायला सुरुवात केली, कारण गप्प बसणं त्याहून कठीण होतं.

"तो भाऊ, ज्याले मी हौदात ढकलतो," ते म्हणाले, "तो भाऊ नव्हताच. गादी होती ती. कापसाची गादी, दोरीनं आवळून मधे काठी खुपसलेली. इराताई म्हणाल्या, काका, तिच्याकडे भावासारखं बघा. मी म्हटलं, ताई, भावाच्या पोटातून कापूस येते बाहेर."

मोनालीने गुडघे आणखी जवळ ओढले.

"ढकललं, तर गादी पडेच ना. काठी फरशीच्या भेगेत अडकली. पुन्हा ढकललं. मग जोर लावला आन् मीच गेलो गादीसंगं. खाली दुसऱ्या गाद्या होत्या. त्यांच्यात अडकलो, पाय वर. तो काळा पोशाख एवढा घट्ट का उठताच येईना. चार पोरं आली ओढायले. एकाच्या हाती नुसत्या टिकल्याच आल्या." त्यांनी सोललेला शिंगाडा परातीच्या पलीकडच्या कडेला, तिच्या बाजूला ठेवला. "अन् शेवटी तो दिवाणजी सुस्कारा सोडते ना, खून करून? लोक म्हणतात काय पश्चात्ताप दाखवला. पश्चात्ताप नाई बापा. कंबर दुखत होती."

मोनालीच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, सांगता आलं नसतं. तिने शिंगाडा मात्र उचलला नाही. थोड्या वेळाने ती उठून बाळाकडे गेली. पहिल्या दिवशी एवढंच झालं.

तीन-चार दिवसांआड त्यांनी तेच पुन्हा केलं. प्रत्येक वेळी उदाराम वेगळी गोष्ट सांगत, पण सगळी खरी. कंदील म्हणजे पाण्याची बाटली होती. गिरणीची शिडी म्हणजे इराच्या कार्यालयातलं टेबल. 'सांभाळून पोरी' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की चहा घेऊन आलेल्या बाईने दचकून कप सांभाळला. गळून पडलेली खूण ते जिथल्या तिथे चिकटवत होते. एकदा सगळं उलटलंही. त्यांना मध्येच खोकला आला आणि मोनाली उठून बाहेर पळाली, तळ्यापर्यंत. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत. पंचफुलाबाईंनी दोघांनाही बोल लावले आणि स्वतःही उपाशी झोपल्या.

दरम्यान इराने नवी खोली सगळ्यांसाठी खुली केली होती. पुष्कळांनी ती खेळली, पुष्कळांनी नाही. औषधाच्या दुकानातला तरुण आता गोळ्या हातात देऊ लागला. मंडळाच्या मालकांचा निरोप आला की संक्रांतीनंतर एक लहान भूमिका आहे, बघा. बसमध्ये कोणकोण उठून जातं तिकडे उदारामांनी लक्ष देणं सोडलं होतं.

मोनाली जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. पंचफुलाबाई शेजारी गेल्या होत्या. रेवा किरकिर करत होती. झोप आली होती आणि झोपत नव्हती. मोनालीने तिला खांद्यावर घेऊन पाहिलं, मांडीवर घेऊन पाहिलं. मग ती वडील बसले होते तिथे आली आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. हात लगेच काढला नाही. बाळाचं पाऊल मुठीत धरून ती तशीच वाकून उभी राहिली.

"बसूनच राहतो मी," उदाराम म्हणाले.

"बसून नाही झोपत ती. फिरवावं लागतं."

उदारामांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मूठ सोडली आणि खांबाला टेकून खाली बसली.

ते उठले. बाळाचं डोकं खांद्यावर घेतलं, एक हात पाठीवर ठेवला, आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. टक्, सर्र. टक्, सर्र. पाय उचलण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. मोनालीने डोळे मिटून घेतले होते. तिचे दोन्ही हात ओसरीच्या कडेला घट्ट होते, नखं पांढरी पडली होती. उदाराम वळले, परत आले, पुन्हा वळले. तिच्या जवळून जाताना त्यांची पावलं आपोआप अडखळत, पण ते थांबले नाहीत. बाळाची किरकिर लांबली, मग तुटक झाली, मग बंद पडली.

ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं. मोनालीने डोळे उघडले. काही वेळ ती नुसती त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "वळताना जरा हळू. झोपलीय ती."